आठ फुटी मोटर-डिशचा सिग्नल पडला: दुरुस्तीच्या नोंदी, सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३

जागा: नाशिक, दुमजली घराची गच्ची. अक्षांश २०.० उत्तर, रेखांश ७३.८ पूर्व.

सामान: ८ फुटी जाळीची डिश, एलएनबी (डिशने गोळा केलेला सिग्नल पकडून केबलमध्ये पाठवणारा भाग) मधोमध, पोलर माउंट (एकाच तिरक्या अक्षावर डिश फिरवून ती एकेका उपग्रहाकडे वळवणारा सांगाडा). १८ इंची ३६ व्होल्टचा ॲक्च्युएटर (डिश ढकलणारा मोटरचा दांडा), तो चालवणारा व्ही-बॉक्स, सी-बँडचा (उपग्रह टीव्हीच्या एका फ्रिक्वेन्सी पट्ट्याचा) सिंगल एलएनबी, २८ मीटर आरजी-६ केबल. बॉक्स (टीव्हीला जोडलेला रिसीव्हर) डीव्हीबी-एस२ या उपग्रह टीव्हीच्या मानकाचा आणि क्वालिटी, म्हणजे गोंगाटाच्या मानाने सिग्नल किती स्वच्छ ते, डीबीमध्ये (डेसिबलमध्ये) दाखवणारा. हे शेवटचे फार महत्त्वाचे. टक्केवारीची पट्टी प्रत्येक कंपनी आपल्या मनाने रंगवते, त्यावर दुरुस्ती करता येत नाही.

एप्रिलमध्ये डिश ठणठणीत असताना वहीत लिहून ठेवलेले आकडे, प्रत्येक उपग्रहावर एकच ठरलेले व्हर्टिकल (उभ्या ध्रुवीकरणाचे; आडव्याचे ते हॉरिझॉन्टल) चॅनेल, वेळ सकाळी ७. उपग्रह त्याच्या पूर्व रेखांशाने ओळखायचा, पुढचा आकडा डीबीत:

६६ अंश: १२.९
६८.५ अंश: १३.१
८३ अंश: १३.६
९३.५ अंश: १३.०
१०५.५ अंश: ११.८

ही पाच ओळींची नोंद नसती तर पुढचे काहीच कळले नसते. डिश नवी असतानाच असे आकडे लिहून ठेवा.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

तक्रार अशी: पावसाळा संपत आला तसे पूर्वेकडचे उपग्रह तुटू लागले, १०५.५ पूर्ण गेला, आणि बाकीच्यांवरची हॉरिझॉन्टल चॅनेल अधूनमधून गायब.

आधीच्या दोन दिवसांत दोन चुका झाल्या, त्या आधी लिहितो. पहिली, खूण न करता एलएनबीचा क्लॅम्प सैल करून तो फिरवून पाहिला. जुनी जागा हरवली, म्हणजे एका बिघाडात आपल्या हाताने दुसऱ्याची भर पडली. दुसरी चूक जास्त महागात पडली. व्ही-बॉक्समध्ये साठवलेली सगळी स्थाने एकाच दिशेला सरकली होती, तर ती 'दुरुस्त' करून परत साठवली. सगळी स्थाने एकाच बाजूला, साधारण सारखीच सरकतात तेव्हा एक तर पल्सची (मोटर फिरताना व्ही-बॉक्स मोजतो त्या ठोक्यांची) मोजणी चुकलेली असते किंवा आख्खे माउंट खांबावर फिरलेले असते. नवीन स्थाने साठवल्यावर तो पुरावाच पुसला गेला. आधी वहीत लिहा, मग बटण दाबा.

आजचे आकडे, प्रत्येक उपग्रहावर मोटर पूर्व-पश्चिम हलवून सर्वांत चांगल्या जागी थांबवल्यावर:

६६: ९.४ | ६८.५: ९.८ | ८३: ९.९ | ९३.५: ६.९ | १०५.५: लॉक नाही (बॉक्सला सिग्नल पकडताच आला नाही)

एप्रिलशी वजाबाकी केली. ६६ वर ३.५, ६८.५ वर ३.३, ८३ वर ३.७ आणि ९३.५ वर एकदम ६.१ डीबी गेलेले. म्हणजे दोन वेगळे आजार आहेत. तीन-साडेतीन डीबी सगळीकडून सारखेच गेलेत. ते केबल, एलएनबी, फीड (एलएनबीची सिग्नल आत घेणारी नळी) किंवा डिशच्या आकारामुळे. पूर्वेकडे जावे तसे वाढत जाणारे नुकसान मात्र माउंटच्या दिशेचे. सगळीकडे सारखे पडले तर माउंटला हात लावू नये, आणि एकाच टोकाला पडले तर एलएनबी बदलून पैसे घालवू नयेत. मध्ये चांगले आणि दोन्ही टोकांना वाईट असेल तर अक्षाचा कल किंवा डेक्लिनेशन (अक्षाच्या मानाने डिश दक्षिणेकडे झुकवण्याचा छोटा कोन) चुकलेले असते. आकडा रोज वेगळा येत असेल तर ॲक्च्युएटर उघडायचा.

ठरवले: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि प्रत्येक बदलानंतर पाचही आकडे घ्यायचे.

३० सप्टेंबर, शनिवार: केबल

सोपे आणि स्वस्त ते आधी. एलएनबीच्या टोकाचा एफ-कनेक्टर काढला तर आतली तार हिरवी, जाळी काळी पडलेली. ३० सेंमी कापले, तरी काळी. आणखी ५० सेंमी, तरी काळी. पाणी जाळीतून खाली झिरपत जाते, म्हणून टोक कापून नवीन कनेक्टर लावण्यात अर्थ नसतो. यात पाऊण तास वाया गेला. शेवटी आख्खी केबल बदलली.

बदलण्याआधी एक मोजणी केली होती, ती प्रत्येकाने करावी. बॉक्सवर हॉरिझॉन्टल चॅनेल लावले, एलएनबीपाशी टी-जोड घालून एलएनबी जोडलेला असतानाच व्होल्ट मोजले. बॉक्समधून १८ निघत होते, वर पोचत होते १५.४. सी-बँड एलएनबी व्होल्टेज पाहून ध्रुवीकरण ठरवतो: १३ च्या आसपास व्हर्टिकल, १८ च्या आसपास हॉरिझॉन्टल. १५.४ ला तो कधी इकडे, कधी तिकडे. हॉरिझॉन्टल चॅनेल अधूनमधून गायब होण्याचे कारण हेच. एलएनबी न जोडता मोजले असते तर मीटरवर १८ च दिसले असते आणि केबल निर्दोष सुटली असती, कारण गंजलेल्या जोडावर व्होल्ट पडतात ते करंट वाहत असतानाच.

नवीन केबलवर वर १७.६ मिळाले.

कनेक्टर कॉम्प्रेशनचे वापरले. जोडावर आधी सेल्फ-फ्यूजिंग रबर टेप ताणून, खालून वर गुंडाळला, म्हणजे पदर कौलांसारखे एकमेकांवर येतात. वरून साधी काळी टेप, उन्हापासून बचाव म्हणून. एलएनबीखाली केबलचा एक झोल सोडला, पाणी त्या झोलाच्या तळाशी ठिबकते. एम-सील भरू नका. ते उन्हात तडकते, आणि तडकलेल्या फटीतून गेलेले पाणी बाहेर पडत नाही.

खर्च: केबल ३० मीटर ७२० रुपये, कनेक्टर आणि टेप २६०. वेळ साडेतीन तास.

६६: १०.३ | ६८.५: १०.७ | ८३: १०.८ | ९३.५: ७.८ | १०५.५: लॉक नाही

फक्त ०.९ डीबी वाढले. लेव्हलची पट्टी मात्र खूप वर गेली. यावर अनेक जण फसतात. लेव्हल म्हणजे बॉक्सपर्यंत किती ताकद पोचली, आणि त्यात गोंगाटही मोजला जातो. क्वालिटी मुख्यतः एलएनबीच्या तोंडाशीच ठरते. त्यामुळे लाइन ॲम्प्लिफायर लावून लेव्हल वाढवली तरी चित्र सुधारत नाही. तो लावू नका.

१ ऑक्टोबर, रविवार: फीड

एलएनबीवरचे प्लॅस्टिकचे टोपण उन्हाने चिरले होते. काढले तर फीडच्या नळीत कुंभारमाशीचे मातीचे घर, सुपारीएवढे, नळीच्या भिंतीला चिकटलेले. ओली माती सिग्नल खाते आणि ध्रुवीकरणही बिघडवते. लाकडी काडीने मोकळे केले. स्क्रू ड्रायव्हर आत घालू नका. नळीच्या तळाशी दोन बारीक पिना असतात, त्या वाकल्या की एलएनबी गेला. नंतर कोरड्या कापडाने पुसून दोन तास उन्हात ठेवला.

फीड खाली काढलेच आहे तर फोकसही मोजून घेतला. डिशच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुतळी ताणली: व्यास २४४ सेंमी. सुतळीपासून डिशच्या मध्यापर्यंत खोली: ४० सेंमी. व्यासाचा वर्ग भागिले खोलीची सोळापट, म्हणजे ५९,५३६ भागिले ६४०, बरोबर ९३ सेंमी. मध्यापासून फीडच्या तोंडापर्यंत टेपने मोजले तर ९२.५ आले. फोकसचा बिंदू तोंडाच्या थोडा आत असावा लागतो, म्हणजे हे अंतर ठीक. फोकस भागिले व्यास ०.३८, आणि एलएनबीवरची गोल कड्यांची तबकडीही ०.३८ च्या खुणेवर होती. तिला हात लावला नाही.

मग फिरवलेल्या एलएनबीची जागा. ८३ वर डिश उभी केली. आपल्या चॅनेलचा आकडा सर्वांत जास्त कुठे येतो हे शोधत बसलो तर पाच-सात अंशांत काही फरकच कळत नाही. उलट बाजूने जा: ज्या फ्रिक्वेन्सीवर फक्त हॉरिझॉन्टल चॅनेल आहे, ती बॉक्समध्ये मुद्दाम व्हर्टिकल म्हणून घाला आणि सिग्नल जिथे पूर्ण मरतो तिथे एलएनबी घट्ट करा. मरण्याची जागा अगदी टोकदार असते, एक-दोन अंशांत सापडते. पोलर माउंटवर हे एकदा केले की डिशबरोबर एलएनबीही फिरतो, प्रत्येक उपग्रहासाठी वेगळे फिरवावे लागत नाही. घट्ट केल्यावर क्लॅम्पवर आणि एलएनबीवर मिळून मार्करची एक रेघ ओढली.

नवीन टोपण ६० रुपये. आठवणीने तपासा, त्यावर चंदेरी रंग किंवा धातूचा स्टिकर नको.

६६: ११.५ | ६८.५: ११.९ | ८३: १२.० | ९३.५: ९.० | १०५.५: ३.६, चित्र तुटक

मातीचा तो गोळा आणि फिरलेला एलएनबी मिळून १.२ डीबी खात होते.

२ ऑक्टोबर, सोमवार: सूर्याची सावली

आज सुट्टी होती आणि तारीखही नेमकी कामाची. वर्षातून दोनदा, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, नाशिकच्या अक्षांशावरून सूर्य बरोबर उपग्रहांच्या मागून जातो. काही मिनिटे चित्र जाते, केबलवाले त्याला सन आउटेज म्हणतात. मोटर-डिशवाल्याला मात्र हा फुकटचा मापदंड मिळतो. एलएनबी मधोमध असलेल्या डिशवर, त्या क्षणी फीडची सावली डिशच्या अगदी मध्यावर पडली पाहिजे. जेवढी सरकेल तेवढी डिश चुकलेली.

नाशिकसाठी आजच्या वेळा काढल्या, मिनिट-दोन मिनिटांचा फरक धरून: १०५.५ साठी ९:५८, ९३.५ साठी १०:५३, ८३ साठी ११:४१, ६८.५ साठी १२:४९, ६६ साठी १ वाजता. गाव बदलले की वेळा बदलतात, आणि अक्षांश बराच वेगळा असेल तर तारीखही.

आधीच मोटरने त्या त्या उपग्रहावर उत्तम जागा गाठून थांबायचे आणि सावली पाहायची. डिशच्या मध्याची तबकडी गोल आहे, त्यामुळे सावलीच्या वर आणि खाली किती जागा उरते ते टेपने मोजता येते. ९३.५ वर वर जास्त, खाली कमी, फरक ३.६ सेंमी. म्हणजे सावली १.८ सेंमी खाली सरकलेली. ९३ सेंमी फोकसला १ अंश म्हणजे साधारण १.६ सेंमी. डिश १.१ अंश खाली, दक्षिणेकडे बघत होती. ८३ वर सावली अर्ध्या अंशाएवढी खाली. ६८.५ वर मात्र जरा वर.

पूर्वेला डिश खाली बघते आणि पश्चिमेला किंचित वर, म्हणजे अक्षाचा कल बरोबर आहे पण आख्खे माउंट खांबावर पश्चिमेकडे फिरले आहे. हिशेब केला तर सुमारे ३ अंश. ८ फुटी डिशचा सी-बँडवरचा झोत साधारण २.१ अंश रुंद असतो, १.१ अंश चुकले की ३ डीबी जातात, १.७ अंश चुकले की ७ च्या वर. ९३.५ आणि १०५.५ चे आकडे याच्याशी जुळतात.

सूर्याची तारीख हुकली तर हाताने बघता येते. पूर्वेच्या उपग्रहावर डिशची वरची कडा हळूच मागे दाबा. आकडा वाढला तर डिश खाली बघते आहे. ८ फुटी डिशच्या कडेला १ अंश म्हणजे सुमारे २ सेंमी. तेवढेच दाबा, लोंबकळू नका.

सावधान: चकचकीत पत्र्याची डिश असेल तर सूर्याचे ऊन फीडवर एकवटते आणि टोपण वितळते. माझी जाळी मळकट करडी आहे, तरी टोपण हाताला चांगलेच गरम लागले. पत्र्याच्या डिशवर ही चाचणी एका मिनिटात आटपा.

७ ऑक्टोबर, शनिवार: माउंट फिरवणे, वाया गेलेला दिवस

खांब ३ इंची पाइपचा, बाहेरून ८८.९ मिमी. माउंटचे दोन्ही यू-क्लॅम्प हाताने हलण्याइतके सैल होते. पावसाळी वाऱ्यात ८ फुटी डिश म्हणजे शीडच. पाइपवर जुन्या क्लॅम्पच्या गंजाची रेघ होती, आणि क्लॅम्प तिच्यापासून २.३ मिमी सरकलेला. पाइपच्या घेरावर २.३ मिमी म्हणजे बरोबर ३ अंश. हे सकाळीच नीट पाहिले असते तर दिवस वाचला असता.

पण सकाळी होकायंत्र घेतले. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, म्हणून होकायंत्रावर भरवसा ठेवला. खांब, माउंट आणि गच्चीच्या स्लॅबमधल्या सळ्या, सगळे लोखंड. खांबाशेजारी आणि तीन मीटर दूर यांत ७ अंशांचा फरक दाखवत होते. त्या भरवशावर माउंट फिरवले आणि होता तो ९३.५ ही गेला.

दुपारी ओळंबा टांगला. नाशिकला ७ ऑक्टोबरला सूर्य मध्यान्हीला येतो तो १२ वाजून २३ मिनिटांनी, १२ ला नाही. त्या क्षणी ओळंब्याच्या दोरीची सावली खरी उत्तर-दक्षिण असते. ती गच्चीवर खडूने आखली, माउंटची मधली रेघ तिला समांतर केली. एका अंशाच्या आत आले.

८ ऑक्टोबर, रविवार: माउंट बरोबर बसवणे

आधी खांब. पाणसळ पाइपला दोन काटकोनी बाजूंनी लावून पाहिली, बुडबुडा मध्ये. खांब ओळंब्यात नसेल तर पुढचे सगळे व्यर्थ.

मग कोन. मोबाइलमधले कोनमापक न वापरता चुंबकाचे, काट्याचे घेतले. नाशिकसाठी अक्ष आडव्यापासून २०.५ अंश आणि डेक्लिनेशन ३.० अंश. अक्षांश २० असून अक्ष अर्धा अंश जास्त का, तर उपग्रह दूर असले तरी अनंत अंतरावर नाहीत; अक्ष थोडा जास्त झुकवला आणि डेक्लिनेशन तेवढे कमी केले की कमान दोन्ही टोकांना जुळते. दोन्हींची बेरीज २३.५, म्हणजे डिश बरोबर दक्षिणेला असताना तिची कडा आडव्याशी २३.५ अंश करते. दोन्ही आकडे अगदी बरोबर होते, हात लावला नाही.

आता फक्त दिशा. डिश ९३.५ वर उभी केली, क्लॅम्प इतकेच सैल केले की रबरी हातोड्याने ठोकल्यावर माउंट जेमतेम सरकेल. एका ठोक्याला पाव अंशाच्या आसपास. माउंट पूर्वेकडे. प्रत्येक ठोक्यानंतर मोटर थोडी हलवून पुन्हा उत्तम जागा गाठायची, कारण माउंट फिरले की डिशही फिरते. ९३.५ वर सर्वांत चांगले आल्यावर १०५.५ वर तेच. शेवटी ६६ वर जाऊन खात्री: वरची कडा मागे दाबली तरी आकडा पडला, पुढे ओढली तरी पडला. म्हणजे जागा बरोबर.

क्लॅम्प आवळताना माउंट परत अर्धा अंश फिरले. एक नट पूर्ण आवळून मग दुसरा घेतला, ही चूक. चारही नट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळायचे आणि बॉक्सवर एक डोळा ठेवायचा. पुन्हा फिरू नये म्हणून माउंटच्या कॉलरला दोन ठिकाणी भोक पाडून आटे काढले आणि १० मिमीचे बोल्ट पाइपवर टेकवून चेक-नट लावले. पाइपवर आणि कॉलरवर मिळून ऑइल पेंटची उभी पट्टी मारली. पुढच्या वर्षी ती तुटलेली दिसली तर चाचणीची गरजच नाही.

बोल्ट, नट, वॉशर: १८० रुपये. वेळ: काल आणि आज मिळून अकरा तास, त्यातले सहा वाया.

६६: १२.० | ६८.५: १२.२ | ८३: १२.७ | ९३.५: १२.१ | १०५.५: १०.९

१४ ऑक्टोबर, शनिवार: ॲक्च्युएटर

आठवडाभर आकडे रोज तपासले. ९३.५ वरून ६६ ला जाऊन परत आले की ९३.५ चे ११ होतात, कधी १०. डिश जिथून निघते तिथे परत येत नाही.

ॲक्च्युएटरमधली मोटर फिरते तशी एका चुंबकाच्या चकतीसमोर रीड स्विच उघडझाप करतो, आणि व्ही-बॉक्स ते पल्स मोजतो. माझ्याकडे ६६ ते १०५.५ या प्रवासात सुमारे ६६० पल्स होतात. या प्रवासात डिश ३९.५ नव्हे, ४५.६ अंश फिरते. म्हणजे एक पल्स ०.०७ अंश, पंधरा चुकले की एक अंश गेला.

मोटरचे झाकण उघडले तर आत चमचाभर पाणी. मोटरच्या खोक्याला पाणी निघायला एक भोक असते, ते खालच्या बाजूला असावे लागते. डिश बसवताना ॲक्च्युएटर उलटा बसवला गेला होता, भोक वर. पाऊस थेट आत. रीड स्विचच्या पायांना गंज. नवा स्विच ३० रुपये, डाग लावताना काच तडकणार नाही म्हणून पाय चिमट्याने धरून. ॲक्च्युएटर फिरवून भोक खाली आणले. पुढच्या दांड्यावरचे रबरी झालर-कव्हर फाटले होते, ते नवे घातले, दांड्याला ग्रीस. दोन्ही मिळून २२० रुपये.

तरीही मोजणी चुकली. मग तार. मोटरच्या दोन आणि सेन्सरच्या दोन, अशा चारही एकाच चार-तारी केबलमध्ये होत्या, जाडी अर्धा चौरस मिमी. २५ मीटर लांबी, जाऊन-येऊन ५० मीटर, म्हणजे १.७ ओहम. मोटर जड बाजूने डिश उचलताना अडीच अँपिअर घेते, वाटेतच ४ व्होल्ट जातात आणि मोटर अडखळते. त्यातच मोटरचा खरखराट शेजारच्या सेन्सरच्या तारांत उतरतो आणि व्ही-बॉक्सला खोटे पल्स मिळतात.

१५ ऑक्टोबर, रविवार

मोटरसाठी दीड चौरस मिमीची दोन-तारी केबल ३० मीटर, १,६५० रुपये. सेन्सरसाठी जाळीचे कवच असलेली दोन-तारी, ६६० रुपये. कवच फक्त व्ही-बॉक्सच्या बाजूला अर्थला जोडले, डिशच्या बाजूला मोकळे. दोन्ही केबलमध्ये एक वीतभर अंतर ठेवले. मोटरवर आता व्होल्ट पडतात ते दीडच्या आत.

ॲक्च्युएटरचा टोकाचा बोल्ट झिजून डिशच्या कडेला दीड सेंमीचा ढिलेपणा होता. जाड वॉशर घालून अर्धा सेंमीवर आणला. उरलेल्यासाठी नियम: प्रत्येक स्थान साठवताना पूर्वेकडून पश्चिमेकडे येऊनच थांबायचे. पुढे गेल्यास मागे येऊन पुन्हा त्याच बाजूने यायचे.

व्ही-बॉक्स शून्यावर आणून सगळी स्थाने नव्याने साठवली. ॲक्च्युएटरमधले लिमिट स्विचही तपासले: पूर्वेचा १०५.५ च्या थोडा पुढे, पश्चिमेचा ६६ च्या थोडा पुढे. व्ही-बॉक्समधल्या मर्यादेवर एकट्यावर विसंबू नये. मोजणी चुकली की ती मर्यादाही चुकते आणि दांडा शेवटपर्यंत जाऊन डिश वाकते.

दहा वेळा ६६ ते १०५.५ फेऱ्या मारल्या. ९३.५ चा आकडा प्रत्येक वेळी ०.२ च्या आत.

२१ ऑक्टोबर, शनिवार: उरलेला एक डीबी

अजून सगळीकडे साधारण ०.९ कमी, आणि एक नवीन गोष्ट नजरेस आली: ३,७०० ते ३,८०० मेगाहर्ट्झमधली चॅनेल संध्याकाळी आणखी तीन डीबी पडतात, ४,००० च्या वरची फारशी नाहीत. आग्नेयेला सुमारे अडीचशे मीटरवर उन्हाळ्यात नवा मोबाइल टॉवर उभा राहिलाय.

भारतात ५जीसाठी २०२२ च्या लिलावात ३,३०० ते ३,६७० मेगाहर्ट्झ हा पट्टा दिला गेला. टीव्हीचा सी-बँड ३,७०० पासून सुरू होतो. मध्ये फक्त ३० मेगाहर्ट्झचे अंतर. आणि माझा जुना एलएनबी ३,४०० ते ४,२०० सगळेच घेणारा. टॉवरचा सिग्नल उपग्रहाच्या मानाने इतका प्रचंड असतो की एलएनबीतला पहिला ॲम्प्लिफायरच दबतो, मग सगळ्याच चॅनेलची क्वालिटी उतरते. बॉक्समध्ये काहीही बदलून हे जात नाही.

खात्री करायला एक जुना पत्रा, तीन फूट बाय तीन फूट, डिशच्या तोंडासमोर येणार नाही अशा बेताने फीड आणि टॉवर यांच्यामध्ये धरला. ९३.५ चे पडलेले चॅनेल ताबडतोब २ डीबी वर आले. पत्रा काढला, पडले. निदान झाले.

दुकानातून '५जी फिल्टर' असा स्टिकर लावलेला एलएनबी ४५० रुपयांना आणला. बसवला, फरक शून्य. वजन जुन्याएवढेच होते, तेव्हाच शंका यायला हवी होती. खरा फिल्टर धातूच्या पोकळ्यांचा असतो, त्यामुळे असा एलएनबी लांब आणि जड असतो. ४५० पाण्यात.

२२ ऑक्टोबर, रविवार

पोकळ्यांचा फिल्टर आतच असलेला ३,७०० ते ४,२०० चा एलएनबी मिळाला, २,६०० रुपये. वेगळा फिल्टर घ्यायचा विचार करणाऱ्यांनी लक्षात घ्या: फीड आणि एलएनबी एकाच तुकड्यात असतील तर तो मध्ये बसवताच येत नाही, आणि बॉक्सच्या बाजूला केबलमध्ये लावून उपयोग नाही, तोवर एलएनबी दबलेला असतो.

नवा एलएनबी जवळजवळ एक किलोचा. तीन पायांवरचे फीड ६ मिमी खाली झुकले. मोजताना लक्षात आले: फीडच्या कडेपासून डिशच्या कडेवरच्या तीन ठिकाणांपर्यंत अंतर घेतले तर वरच्या बाजूचे जास्त आले. वरच्या दोन बाजूंना नायलॉनच्या दोऱ्या ताणून बांधल्या. धातूची तार वापरू नका. फीडच्या तोंडाचे ९२.५ सेंमी अंतर आणि ध्रुवीकरणाची जागा पुन्हा पहिल्यासारखीच लावून घेतली.

६६: १२.९ | ६८.५: १३.२ | ८३: १३.६ | ९३.५: १२.९ | १०५.५: ११.४

संध्याकाळी ८ वाजता खालच्या फ्रिक्वेन्सीची चॅनेल पाहिली, पडझड अर्ध्या डीबीच्या आत.

२८ ऑक्टोबर, शनिवार: सुतळीची चाचणी

१०५.५ वर ०.४ अजून कमी. डिशच्या कडेवर दोन सुतळ्या एकमेकींना काटकोनात ताणल्या. मध्ये त्या एकमेकींना जेमतेम टेकल्या पाहिजेत. ९ मिमीची फट होती. म्हणजे डिश खोगिरासारखी वाकलेली. कडा एवढी वाकली की सी-बँडवर थोडेफार नुकसान दिसतेच, आणि सिग्नल आधीच कमी असलेल्या उपग्रहावर ते आधी दिसते.

पाकळ्या जोडणारे बोल्ट एका बाजूचे सैल केले, मागे गेलेल्या दोन कडांमध्ये पट्टा घालून रॅचेटने हळूहळू ओढले, फट ४ मिमी आली की बोल्ट आवळले. पट्टा सोडल्यावर फट ५ वर स्थिरावली. त्याहून ओढायला गेलो तर एका पाकळीच्या काठावर जाळी सुटायला लागली, म्हणून थांबलो. पुढच्या उन्हाळ्यात त्या पाकळीच्या मागे अँगलची एक पट्टी वेल्ड करून घ्यायची आहे, डिश खाली उतरवल्याशिवाय ते होणार नाही.

१०५.५: ११.७.

एकूण खर्च ६,८३० रुपये, त्यात ४५० वाया. सर्वांत मोठा भाग २,६०० एलएनबीचा आणि २,३१० मोटर-सेन्सरच्या तारांचा. ज्या माउंटने पूर्वेकडे तीन ते सात डीबी खाल्ले होते, ते दुरुस्त व्हायला १८० रुपयांचे बोल्ट लागले.